नवशिक्याचा वजनाचा व्यायाम: आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी सगळं अंग

जिममध्ये नाव घातलं की पहिल्या दिवशी एक चार्ट हातात पडतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी बायसेप-ट्रायसेप, शुक्रवारी पाय, शनिवारी पोट. मलाही तोच मिळाला होता. शुक्रवारी हमखास काहीतरी निघायचं, कधी कुणाचं लग्न तर कधी ऑफिसात उशीर. सोमवार मात्र कधी चुकला नाही. वर्षभरात छाती भरली, खांदे पुढे झुकले आणि डावा खांदा इतका धरला की शर्टात हात घालताना कळ यायची. फिजिओथेरपिस्टने मला पाठमोरं उभं केलं, नीट बघितलं आणि विचारलं, "ओढायचे व्यायाम किती करता?" मला सांगता आलं नाही. मी कधी मोजलेच नव्हते.

तेव्हापासून मी मोजतो. ओळखीतलं कुणी नव्याने सुरुवात करत असेल तर त्याला आधी मोजायला शिकवतो. समतोल व्यायाम म्हणजे काय, याचं उत्तर आरशात मिळत नाही. आठवड्याला किती सेट (न थांबता सलग केलेल्या आवृत्त्यांचा एक गट) ढकलण्याचे, किती ओढण्याचे, किती गुडघ्यातून, किती कमरेतून, हे वहीत मांडलं की लगेच दिसतं. या लेखात तेच करायचं आहे. पहिल्या सहा महिन्यांचा व्यायाम स्वतः आखायचा आणि तो चालवायचा.

रोज एक अवयव का नको

आठवड्यातून एकदाच छाती, एकदाच पाय, ही पद्धत वर्षानुवर्षं व्यायाम केलेल्या माणसासाठी आहे. त्याची वजनं इतकी मोठी असतात आणि सेट इतके जास्त असतात की एका भागाला सावरायला चार-पाच दिवस लागतात. नवा माणूस २० किलोचा बार उचलतो. त्याचे स्नायू दीड-दोन दिवसांत पुन्हा तयार असतात. मग आठवडाभर थांबायचं कशासाठी?

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. स्क्वॉट (वजन घेऊन बसून उठणं) किंवा डेडलिफ्ट (वाकून वजन उचलणं) हे ताकदीइतकंच सवयीचं काम आहे. पोहायला शिकणारा आठवड्यातून एकदा तलावावर गेला तर त्याची पाण्याची भीती कधी सुटेल? तेच इथे. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत जी ताकद वाढते, ती बरीचशी शरीराला हालचाल उमगल्यामुळे वाढते. स्नायूंचा आकार नंतर वाढतो.

आणि दांडी. आपल्याकडे गणपती आहेत, दिवाळी आहे, लग्नसराई आहे. पूर्ण शरीराचा व्यायाम असेल तर एक दिवस बुडाला तरी कुठलाच भाग उपाशी राहत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपण तीन धरू. सोमवार, बुधवार, शुक्रवार, किंवा मंगळवार, गुरुवार, शनिवार. मध्ये एक दिवस मोकळा राहिला पाहिजे, एवढीच अट.

सुरू करण्याआधी

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, सरकलेली गादी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चाळिशी उलटली असेल आणि अनेक वर्षं अंगाला व्यायाम नसेल तरीही विचारा. व्यायामात छातीत दडपण आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथेच थांबायचं. "एवढा सेट पुरा करतो" असं म्हणायचं नाही.

बूट सपाट आणि कडक तळव्याचे घाला. पळायच्या बुटांचा तळवा मऊ असतो, वजन घेऊन उभं राहिलं की पाय डुगडुगतो. साधे कॅनव्हासचे बूट उत्तम चालतात. बेल्ट, ग्लोव्ह्ज, स्ट्रॅप यांतलं काही आत्ता लागत नाही. एक वही आणि पेन मात्र लागेल.

स्नायू नको, हालचाली धरा

शरीरात सहाशेच्या वर स्नायू आहेत. त्यांच्या नावाने चार्ट करायला बसलात तर गोंधळ होईल. हालचाली मात्र पाचच आहेत. बसून उठणं. कमरेतून वाकून उचलणं. ढकलणं. ओढणं. वजन घेऊन चालणं. ढकलणं आणि ओढणं दोन-दोन दिशांना होतं. छातीपासून पुढे ढकललं की बेंच प्रेस किंवा जोर, डोक्यावर ढकललं की ओव्हरहेड प्रेस. समोरून पोटाकडे ओढलं की रोइंग, वरून खाली ओढलं की लॅट पुलडाऊन किंवा पुलअप.

आपल्या तालमींतला व्यायाम या नजरेने बघा. जोर म्हणजे ढकलणं, बैठक म्हणजे बसून उठणं. पैलवान हजार-हजार मारायचे असं आपण ऐकतो आणि वाटतं, एवढ्यावरच ते घडले. पण ओढणं कुठे गेलं? ते हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात होतं. रोज फावड्याने लाल माती उकरायची, खाली वाकून पुढून मागे ओढायची. ताक, हळद, तेल, लिंबू घालून कमावलेली ती जड माती उकरताना कंबर, पाठ आणि पकड एकदमच घडत. त्यावर दोर चढणं, मुद्गल फिरवणं, आणि मग जोडीदाराची मान आणि मनगट धरून खेचाखेच. आज घरात फक्त जोर-बैठका मारणाऱ्याने तालमीतला निम्माच व्यायाम उचललेला असतो. निम्मा हौद्यातच राहिला.

जिममध्ये हीच चूक वेगळ्या रूपात दिसते. बेंचवर रांग असते, रोइंगची जागा रिकामी असते. छाती आणि मांडीची पुढची बाजू आरशात दिसते, पाठ आणि मांडीची मागची बाजू दिसत नाही. त्यात दिवसभर आपण लॅपटॉपवर नाहीतर दुचाकीच्या हँडलवर पुढेच वाकलेले असतो. म्हणून माझा नियम साधा आहे. जेवढे सेट ढकलण्याचे तेवढे ओढण्याचे, एकही कमी नाही. खांदे आधीच पुढे आलेले असतील तर ओढण्याचा एक सेट जास्त.

आराखडा

दोन दिवस तयार करायचे, अ आणि ब. एका आठवड्यात अ-ब-अ, पुढच्या आठवड्यात ब-अ-ब.

दिवस अ
स्क्वॉट: ३ सेट, प्रत्येकी ८
बेंच प्रेस (बार किंवा डंबेल): ३ सेट, प्रत्येकी ८
बसून केबल रोइंग, किंवा बेंचवर एक हात टेकून डंबेल रोइंग: ३ सेट, प्रत्येकी १०
प्लँक (कोपरं आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं): ३ वेळा, २० ते ४० सेकंद

दिवस ब
रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणं आणि उठणं): ३ सेट, प्रत्येकी ८
ओव्हरहेड प्रेस: ३ सेट, प्रत्येकी ८
लॅट पुलडाऊन: ३ सेट, प्रत्येकी १०
स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बसून उठणं): २ सेट, प्रत्येक पायाला ८
दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणं: ३ फेऱ्या, प्रत्येकी ३० पावलं

आता मोजा. दोन आठवड्यांत अ तीनदा आणि ब तीनदा येतो. ढकलण्याचे १८ सेट, ओढण्याचेही १८. कमरेतून वाकण्याचे ९. गुडघ्यातून बसण्याचे स्क्वॉटचे ९ आणि स्प्लिट स्क्वॉटचे ६. पायांची पुढची बाजू थोडी जड भरते, पण रोमानियन डेडलिफ्टमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूवर इतका ताण येतो की नव्या माणसाला एवढं पुरतं. तुम्ही काही बदललंत तरी हा हिशोब पुन्हा मांडून बघा. कुणी म्हणेल, बायसेप कुठे आहे? रोइंग आणि पुलडाऊनमध्ये आहे. ट्रायसेप प्रेसमध्ये आहे. तरी मन मानत नसेल तर शुक्रवारी शेवटी कर्लचे (कोपरातून हात वाकवून डंबेल उचलण्याचे) दोन सेट मारा, त्याने काही बिघडत नाही. फक्त कर्लसाठी डेडलिफ्ट सोडू नका.

क्रम मुद्दाम असा आहे. सगळ्यांत जास्त अंग लागणारा व्यायाम आधी, कारण तेव्हा डोकं ताजं असतं. प्लँक आणि चालणं शेवटी, कारण दमलेल्या पोटाने आणि ढिल्या पकडीने डेडलिफ्ट करणं धोक्याचं.

मोठ्या व्यायामांत दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं थांबा. रोइंग-पुलडाऊनला दीड मिनिट पुरे. पाच मिनिटं अंग गरम करण्यापासून धरलं तर सगळं मिळून तासाभरात आटोपतं.

हालचाल शिकणं: इथे घाई नको

पहिले दोन आठवडे वजन विसरा.

स्क्वॉटमध्ये आपल्याला एक आयता फायदा आहे. ज्याला अजून सहज उकिडवं बसता येतं, टाचा जमिनीला टेकवून, त्याचा अर्धा स्क्वॉट तयारच आहे. शहरातल्या पुष्कळ जणांची ही सवय कमोडमुळे सुटली आहे. ती रोज एक-दोन मिनिटं खांबाला धरून परत आणा. मग ८-१० किलोचं एक डंबेल छातीशी उभं धरा आणि बसा. बसल्यावर कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला यायला हवीत. गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेने जाऊ द्या, आत वळू देऊ नका. टाच उचलली जात असेल तर घोट्याची लवचिकता कमी आहे. टाचेखाली अडीच किलोची छोटी प्लेट ठेवून काम चालवा. हे डंबेल १८-२० किलोपर्यंत गेलं की मग बार पाठीवर घ्या.

रोमानियन डेडलिफ्ट बहुतेकांना अवघड जाते. ती चुकली तर कंबर धरते, म्हणून इथे थोडा वेळ थांबू. गंमत अशी की आपण दिवसभर वाकतो, पण कमरेतून नाही, पाठीतून वाकतो. भात लावणाऱ्या बायकांची पाठ बघा, तासन् तास गोल असते, आणि संध्याकाळी ती दुखते. आपल्याला पाठ सरळ ठेवून खुब्याच्या सांध्यातून वाकायचं आहे.

भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा. आता छाती खाली आणायचा विचारही करू नका, फक्त कुल्ले मागे नेऊन भिंतीला लावा. लागले? अर्धं पाऊल पुढे सरका आणि पुन्हा लावा. आणखी थोडं पुढे. एका जागी असं येईल की भिंत जेमतेम लागते आणि मांडीच्या मागे तार ताणल्यासारखं होतं. तीच हालचाल. आता एक काठी घ्या, झाडूचा दांडा चालेल. ती पाठीवर उभी धरा. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली हवी. वाकताना यातली एक जागा सुटली की पाठ गोल झाली असं समजा. डोकं सुटलं तर तुम्ही मान खाली घातलीत, माकडहाड सुटलं तर जास्त खाली गेलात. जिथपर्यंत तिन्ही जागा टेकलेल्या राहतात तिथपर्यंतच तुमची डेडलिफ्ट. कुणाचा बार गुडघ्याखाली चार बोटं जातो, कुणाचा गुडघ्यावरच थांबतो. दोन्ही बरोबर आहे.

बार हातात आला की तो मांडीला घासतच खाली जाऊ द्या आणि घासतच वर आणा. तो दोन इंच पुढे गेला तरी कमरेवरचा भार एकदम वाढतो, भरलेली बादली अंगाजवळ धरणं आणि लांब धरणं यात जेवढा फरक तेवढा.

श्वासाचं एक. वजन घेण्याआधी पोटात श्वास भरा आणि एकदा हलकं खोका. खोकताना पोट चहूबाजूंनी जसं आवळतं, तसंच आवळून धरा आणि मग हालचाल करा. वर आल्यावर श्वास सोडा, पुन्हा भरा. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी श्वास धरून ठेवू नये, उचलताना सोडत जावं.

बेंच प्रेसमध्ये कोपरं खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढू नका, ती थोडी अंगाकडे आणा. खांद्याची पाती मागे एकमेकांकडे ओढून बेंचवर दाबून ठेवा. अंगठा बारभोवती गुंडाळलेलाच हवा. आणि एक गोष्ट जिवाची आहे. बाजूला कुणी सपोर्ट द्यायला नसेल, रॅकला (बार ठेवायच्या सांगाड्याला) आडव्या दांड्या नसतील, तर बारला लॉक (प्लेट घसरू नयेत म्हणून लावायच्या क्लिप) लावू नका. बार छातीवर अडकला तर एका बाजूला कलवून प्लेट सोडता येतात. लॉक असतील तर सुटका नाही. एकट्याने करणाऱ्याने डंबेल वापरणं सगळ्यांत चांगलं.

रोइंग आणि पुलडाऊनमध्ये हाताने ओढण्याआधी खांदे खाली-मागे न्या. कोपर खिशाकडे आणतोय असं मनात धरलं की पाठ आपोआप लागते. पुलडाऊनचा बार छातीकडे आणा, मानेमागे नको. ओव्हरहेड प्रेसमध्ये कंबर मागे वाकायला लागली की वजन जास्त झालं.

किती वजनाने सुरुवात

इतकं हलकं की थोडं ओशाळल्यासारखं होईल. सेट संपला तेव्हा अजून दोन-तीन सहज मारता आले असते असं वाटायला हवं. दात-ओठ खाऊन शेवटचा रेप (एक आवृत्ती) काढायची गरज पहिल्या तीन महिन्यांत येत नाही.

बारचं वजन धरायला विसरू नका. स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा असतो. छोट्या जिममधला रॉड यापेक्षा बराच हलका असू शकतो. एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

थेट कामाच्या वजनावर जायचं नाही. स्क्वॉट ४० किलोचा असेल तर आधी रिकाम्या बारने ८, मग ३० किलोने ५, आणि मग ४० चे तीन सेट. पहिले दोन मोजणीत धरत नाहीत.

"दहाचे तीन सेट" हे वाक्य आज प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं, त्यामागे एक डॉक्टर आहे. थॉमस डीलॉर्म हा अमेरिकी लष्करातला डॉक्टर दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या पायांत पुन्हा बळ आणण्यासाठी त्यांना वजन उचलायला लावत होता. तेव्हा अशा रुग्णांना जड वजन देणं हा धाडसाचा प्रकार होता. १९४५ साली त्याने ती पद्धत मांडली. पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने ती दहाच्या तीन सेटवर आणली. पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊणचा, तिसरा पूर्ण. वजन क्रमाने वाढवत नेलं की शरीर ताकद कमावतं, हा त्याचा मुद्दा आजही तसाच उभा आहे. व्यायाम रोज बदलत राहून "स्नायूंना चकवा देणं" वगैरे जे सांगतात, त्यापेक्षा हे कितीतरी पटीने खरं आहे.

वजन वाढवायचं कसं

बारचे व्यायाम आणि डंबेलचे व्यायाम यांना एकच नियम लावू नका.

बारवर तिन्ही सेट आठ-आठ नीट झाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. रोमानियन डेडलिफ्ट २० किलोपासून सुरू केलीत असं धरू. आठ आठवड्यांत दिवस ब बारा वेळा येतो. एकदाही न अडखळता दर वेळी अडीच किलो वाढले, तर बाराव्या वेळी बारवर साडेसत्तेचाळीस किलो असतील. मोठी उडी कुठेच घेतलेली नाही, तरी वजन दुपटीच्या वर.

डंबेलचं गणित वेगळं आहे. पाचचं सोडून साडेसातचं घेतलं की वाढ थेट ५० टक्के. ४० च्या बारवर अडीच किलो म्हणजे जेमतेम सव्वासहा टक्के वाढ. म्हणून डंबेलवर आधी रेप्स वाढवायचे. ८, ८, ८ वरून ९, ९, ९, असं करत १२, १२, १२ पर्यंत जा आणि मगच पुढचं डंबेल उचला. तेव्हा रेप्स परत आठवर येतील, क्वचित सातवर. ते अपेक्षितच आहे.

बहुतेक जिममध्ये सगळ्यांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की उडी पाच किलोची. ओव्हरहेड प्रेसला २० वरून २५ ही चौथाई वाढ झाली, खांदे एवढं झेलत नाहीत आणि माणूस महिनोन् महिने २० वरच अडकतो. क्रीडासाहित्याच्या दुकानात सव्वा किलोच्या प्लेट मिळतात. एक जोडी विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. नव्या माणसाने घ्यायच्या वस्तूंत मी ही सगळ्यांत वर ठेवीन.

महिलांसाठी मुद्दाम. आराखडा हाच, काही वेगळं "लेडीज वर्कआउट" नाही. वजन उचलून पुरुषी शरीर होत नाही, तेवढे हार्मोनच बाईच्या अंगात नसतात. उलट पाळी थांबल्यावर हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात आणि त्याविरुद्ध वजनाचा व्यायाम हा मोठा आधार आहे. ओव्हरहेड प्रेसला २० किलोचा बार सुरुवातीला जड जाईल, तिथे तीन किंवा चार किलोच्या डंबेलपासून या. पायांच्या व्यायामात मात्र स्वतःला कमी लेखू नका. घरी गव्हाची गोणी हलवणारी बाई जिममध्ये दोन किलोचं गुलाबी डंबेल धरून उभी असते, हे मला बघवत नाही.

वही

माझ्या वहीतलं एक पान असं दिसतं:

बुध, दिवस अ. झोप ६ तास.
स्क्वॉट ५२.५: ८, ८, ७ (शेवटी गुडघे आत)
बेंच ४०: ८, ८, ८ ✓ पुढे ४२.५
रोइंग ३५: १०, १०, १०
प्लँक ३५ सेकंद × ३

बस, एवढंच. कंसातली टीप महत्त्वाची. पुढच्या दिवस अ ला मी स्क्वॉटला वजन वाढवत नाही, साडेबावन्नवरच राहतो आणि गुडघ्यांकडे बघतो. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं, पण फोन हातात आला की दोन मिनिटांची विश्रांती दहा मिनिटांची होते, म्हणून मी कागदावर राहिलो.

एकाच वजनावर सलग तीन वेळा आठ-आठ पूर्ण झाले नाहीत, तर १० टक्के वजन उतरवा आणि तिथून पुन्हा चढा. पण त्याआधी वहीतली झोप बघा. सहा तासांच्या खाली असेल तर बारचा दोष नाही.

दहा-पंधरा दिवस खंड पडला, तर परत येताना साधारण १५ टक्के कमी वजनाने सुरू करा. दोन आठवड्यांत भरून निघतं. खंडानंतर जुन्याच वजनावर हात घालणाऱ्याचं अंग चार दिवस इतकं दुखतं की पुढचा दिवसही बुडतो.

दुखण्याबद्दल हेही ओळखायला शिका. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी, छाती, पाठ अशा मांसल भागात दोन्ही बाजूंना सारखं दुखणं नेहमीचं आहे, हलक्या चालण्याने ते कमी होतं. सांध्यात टोचल्यासारखं, एकाच बाजूला, किंवा कमरेतून पायात उतरणारं दुखणं, मुंग्या, बधिरपणा हे वेगळं आहे. तो व्यायाम थांबवा आणि दाखवून घ्या.

ताटाकडे बघू

इथे मी जरा आग्रही होतो, कारण आपल्या जेवणात प्रथिनं कमी पडतात आणि मग लोक डब्यातल्या पावडरीला जादू समजतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. वजनाचा व्यायाम करणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅम धरावेत, म्हणजे ७२ ते ९६.

आता आपला शाकाहारी दिवस मोजू. सकाळी बशीभर पोहे, दुपारी चार पोळ्या, भाजी, पातळ वरण-भात, दोन वेळा चहा, रात्री दोन भाकऱ्या आणि आमटी. सढळ हाताने धरलं तरी ४५ ग्रॅमच्या आसपास थांबतं. तूट भरायला आपल्या स्वयंपाकघरातलंच पुष्कळ आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. मोठा पेला दुधात ८. मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२-१३. मटकी किंवा हरभऱ्याची दाटसर उसळ वाटीभर, ७-८. कोरडे ५० ग्रॅम सोयाबीन चंक्स घेतले तर २५ च्या वर, आणि तेही सगळ्यांत स्वस्तात. मासे-चिकन खाणाऱ्यांना १०० ग्रॅममागे साधारण २० मिळतात. वरण पातळ करू नका, घट्ट करा, एवढ्यानेही फरक पडतो.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्या दिवशी खिचडीत दाण्याचं कूट वाढवा, सोबत दही किंवा दूध घ्या, राजगिरा घ्या. निर्जळी उपवास असेल तर व्यायामाचा दिवस पुढे ढकला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

पावडर वाईट नाही, ते दुधापासूनच काढलेलं प्रथिन आहे. ताटातून आकडा गाठता येत असेल तर तिची गरज नाही, एवढंच.

जिम लांब असेल तर

घरी हाच आराखडा निम्मा-पाऊण चालतो. स्क्वॉटला छातीशी धरलेली तांदळाची पिशवी. ढकलायला जोर, पाय खुर्चीवर ठेवले की खांद्यांवर जास्त येतं. वाकून उचलायला पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून ती हातात धरा. पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार २० किलोच्या वर भरतो, तो घेऊन चालणं साधं काम नाही. अडचण ओढण्याचीच येते. चौकटीत बसणारा पुलअप बार घ्या आणि लटकण्यापासून सुरू करा, नाहीतर मजबूत रबरी बँड खिडकीच्या गजाला अडकवून रोइंग करा. गज भिंतीत पक्का आहे का, ते आधी हिसका देऊन बघा.

हा आराखडा कधी बदलायचा

कंटाळा आला म्हणून नाही. दोन-तीन मोठ्या व्यायामांत, झोप आणि जेवण नीट असताना, १० टक्के उतरवून चढूनही दोनदा त्याच वजनावर अडकलात, की समजा नवशिकेपणाचा सोपा टप्पा संपत आला. कुणाचा पाच महिन्यांत संपतो, कुणाचा दहा. मग आठवड्याचे चार दिवस करा, दोन दिवस वरचं अंग आणि दोन दिवस खालचं. रोमानियन डेडलिफ्टऐवजी जमिनीवरून उचलायची पूर्ण डेडलिफ्ट आणा, पुलडाऊनच्या जागी पुलअप. नवा चार्ट लिहून झाला की त्यात ढकलण्याचे आणि ओढण्याचे सेट पुन्हा मोजा, आणि जुन्या वहीतली शेवटची वजनं नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या.